उपडा न झालेला कप

अध्यक्षा गुनवोरबाई, व्यासपीठावरची डॉक्टर मंडळी, शब्दमंडळातले माझे सहकारी, व्यायामाच्या खोलीतून वॉकर ढकलत इथवर आलेले आमचे पेशंट, आणि ज्यांच्यासाठी आपण सारे जमलो त्या इंगेगेर्दबाई व त्यांचे यजमान बर्टिल,

आपणा सर्वांना नमस्कार. बोलायला उभा राहिलो खरा, पण नेमका कशासाठी, हे अजून मला ठरवता आलेलं नाही. निरोप म्हणावा, तर इंगेगेर्दबाई कालही मंडळाच्या टेबलाशी हजर होत्या. सत्कार म्हणावा, तर त्यांना सत्काराचा तिटकारा.

आजार, उपचार, साधनं यांच्या सोप्या व्याख्या या रुग्णालयाच्या पेशंटांसाठी बाईंनी आमच्या शब्दमंडळात वर्षानुवर्षं लिहिल्या. 'वॉकर : चालताना आधार देणारी चाकांची चौकट. पुढे टोपली असते. लाज वाटत असेल तर टोपलीत फुलं ठेवावीत.' शेवटचं वाक्य व्याख्येत बसत नाही, असं मी म्हणालो होतो. "मग व्याख्या मोठी कर," बाई म्हणाल्या. ते वाक्य छापलं गेलं.

मंडळाचा रिवाज आपल्याला ठाऊक आहे. व्याख्या पटली, की बाई कॉफीचा कप बशीत उपडा घालणार. नाही पटली, की कप पुढे : ओता आणखी. 'सूज' या एका शब्दापायी आम्ही इतकी कॉफी प्यायलो, की कुणालाच झोप लागली नाही.

गेल्या हिवाळ्यात बाईंना पक्षाघाताचा झटका आला. हातपाय सावरले, बोलणं सावरलं नाही. 'नाही' एवढाच शब्द उरला. आणि आपल्या शब्दकोशाच्या नव्या आवृत्तीत बाईंच्या पसंतीवाचून नेमकी एकच नोंद अडली आहे : 'वाचाघात : मेंदूला इजा झाल्याने भाषा गमावणे.' व्याख्या बाईंचीच, जुनी. उद्या छपाई. उत्तर मिळालं नाही तर आहे तशी जाऊ द्या, असं अध्यक्षा म्हणाल्या. पण जी व्याख्या आता त्यांचीच झाली आहे, ती त्यांना न विचारता छापायची? आणि विचारायची तरी कशी?

मी त्यांच्या घरी गेलो. स्वयंपाकघरात बसून व्याख्या वाचून दाखवली.

"नाही," बाई म्हणाल्या.

"म्हणजे चुकली आहे?"

"नाही."

"अरे स्टेलान, त्या 'नाही'वर विसंबू नकोस," बर्टिल म्हणाले. "रोज विचारतो, कॉफी हवी का. नाही म्हणते, आणि माझीसुद्धा पिते."

मग बाई उठल्या. फडताळाचं दार उघडलं. आत बरण्या ओळीनं भरलेल्या. दार लावून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. पुन्हा उघडलं, पुन्हा लावलं.

"दालचिनी हवी असेल," बर्टिल म्हणाले.

आणि खरोखरच, पुढच्या खेपेला दार उघडून बाईंनी दालचिनीच काढली.

तेव्हापासून मी गोंधळलेलो आहे. मला काही कळलं, की मला हवं ते मीच कळून घेतलं? तरी नवी व्याख्या लिहिली आहे : 'वाचाघात : मेंदूला इजा झाल्यावर शब्द आतच असतात, पण दार हवं तेव्हा उघडत नाही.'

बाई, ही तुमची आहे, की तुमच्या नावावर खपवलेली माझी? कप तुमच्यासमोर आहे. मी थांबतो.

बाईंनी कप उचलला आहे. पुढे केला आहे. बर्टिल विचारताहेत, "हवी?" बाई म्हणाल्या, "नाही."

आपण हसलात, मलाही हसू आलं. पण व्याख्या नापसंत, की नुसतीच तहान? मला खरंच ठाऊक नाही. रिवाज तेवढा ठाऊक आहे. अध्यक्षा, कृपया छापखान्याला कळवा, 'वाचाघात' थांबला आहे. आणि मग हा निरोपही थांबायला हवा, असं वाटतं. बाई, उद्या टेबलाशी तुमची नेहमीची खुर्ची ठेवतो.

आपण शांतपणे ऐकून घेतलंत, आभारी आहे. बोलण्यात काही उणंअधिक झालं असेल तर सांभाळून घ्यावं. बाई, तुमच्या वतीनं काही बोलून गेलो असेन, तर ते विशेष करून पोटात घाला.

बर्टिल, ओता.