अर्धं भाडं

दांडिया बाजारच्या बसथांब्यावर निरुपमाबाई एकट्याच बसल्या होत्या. शाळेच्या नोकरीची पेन्शन चांगली येत होती, पण ती खर्चायला घरात दुसरं माणूस नव्हतं. शेजारी एक म्हातारं जोडपं बसची वाट पाहत होतं.

“नलू, रिक्षा करू या. तुझा गुडघा दुखतोय.”

“मांजलपूरपर्यंत रिक्षा? तेवढ्यात आठवड्याची भाजी येते.”

“मग आठवडाभर मटकी खाऊ.”

“मटकी तुम्हाला सोसत नाही. औषध भाजीपेक्षा महाग पडतं.”

“आणि तू संध्याकाळचा चहा सोडलास, तो?”

“पित्त होतं म्हणून सोडला.”

“इतकी वर्षं नाही झालं ते! मी रिटायर झाल्यावरच कसं झालं?”

“तुम्ही नाही पेपर बंद केलात?”

“डोळे दुखतात माझे.”

“म्हणून रोज शहांच्या ओट्यावर बसून वाचता वाटतं!”

दोघंही हसू लागली. हसता हसता तो तिचा गुडघा चोळू लागला. निरुपमाबाईंना ते बघवेना. त्यांनी उठून समोरून येणाऱ्या रिक्षाला हात केला.

म्हातारा लगबगीनं मागे आला. “ताई, मांजलपूरकडे जाताय का? भाडं अर्धं अर्धं करू. हिला चालवत नाही हो.”

“नाही. मला वाघोडिया रोडला जायचंय.”

“बरं, बरं. जय श्रीकृष्ण.”

रिक्षा निघाली. निरुपमाबाईंनी मागे वळून पाहिलं नाही. थांबा दिसेनासा झाल्यावर त्या पुढे वाकल्या आणि रिक्षावाल्याला हळूच गुजरातीत म्हणाल्या,

“भाई, मांजलपूर लई लो.”