डाव्या गालातली बोली

चुकीची निघाली? आज कळलं? एवढे प्रयोग झाले, त्या भूमिकेचं बक्षीस घेऊन झालं, पेपरात फोटो छापून आले, आणि आज माझ्या इस्त्रीच्या दुकानात उभं राहून सांगताय की ताई, नाटकातली माझी ती डोंगराकडची बोली चुकीची निघाली — अहो, मग मी काय करू? उसवून परत शिवून देऊ? नाही, बसू नका, बसलं की माणूस लांबण लावतो, आणि मला हे शर्ट संध्याकाळच्या आत हातावेगळे करायचेत. कोण म्हणालं म्हणालात? भाषेचे प्राध्यापक? असं. म्हणजे वरच्या मुलखातली माणसं तुमचं नाटक बघून एकमेकांची तोंडं बघत बाहेर पडायची, ते नाही दिसलं, प्राध्यापकांनी पेपरात लिहिलं तेव्हा दिसलं. माझा चुलतभाऊ आला होता तिकडून, त्याला मीच घेऊन गेले नाटकाला — आपल्याकडचा माणूस दाखवलाय म्हटलं, चल. मध्यंतरात मला विचारतो, हा बाप्या कुठल्या गावचा दाखवलाय गं? म्हटलं, तुमच्याच. तर म्हणतो, आमच्याकडे असं कोण बोलतं? ह्याची दाढ दुखतेय का? दाढ! बघा, त्याच्या तरी लक्षात आलं की ह्या माणसाला काहीतरी झालंय. तुमच्या नाही आलं. मला वाटलं होतं तो ओळखेल — जाऊ दे, ते वेगळं.

कसे आला होतात आठवतं का? कोट टाकायला आला होतात, काखेत घडी करून, चुरगळून. बाबा मागे बसलेले, त्या पडद्याच्या आड, मांडीवर डबा घेऊन एका हातानं बटणं निवडत — मोठी इकडे, बारकी तिकडे. त्यांनी मला काहीतरी विचारलं आणि तुमचे कान असे टवकारले! तिथेच ठरवलंत. अस्सल, म्हणालात. ताई, हे अस्सल आहे, मला हेच हवंय. तेव्हापासून तो शब्द कानावर पडला की माझं डोकं उठतं. अस्सल! मग रोज दुपारी येऊन बसायला लागलात. बाबा बोलायचे, तुम्ही त्यांच्या तोंडाकडे बघत बसायचात, ओठ हलवत, मागून मागून. सगळं घेतलंत, नाव ठेवायला जागा नाही. र म्हणायचा तिथे ल म्हणायचं — घेतलंत. शब्द अर्ध्यात ओला होऊन घरंगळायचा — घेतलंत. ओठाचा डावा कोपरा खाली, बोलणं उजव्या बाजूनं सुटायचं आणि डाव्या गालात अडकायचं — तेही घेतलंत. आणि तो हात! डावा हात मांडीवर पालथा पडलेला, तोही उचलून नेलात. पेपरवाले लिहितात, त्या निश्चल हातात डोंगरी माणसाचा सारा सोशिकपणा साठला आहे. सोशिकपणा कसला डोंबलाचा? अहो, झटका आला होता त्यांना. अर्धं अंग गेलं होतं.

काय झालं? पांढरेफटक पडलात ते. माहीत नव्हतं? चेहरा छान करता हो, कुणालाही खरंच वाटेल. समोर एक म्हातारा माणूस, एक हात उचलत नाही, चहाचा कप तोंडाला लावला की डाव्या बाजूनं ओघळतोय, मुलगी येता जाता हनुवटी पुसतेय — आणि तुम्हाला वाटलं, ही तिकडच्या लोकांची रीत आहे! आजारी आहेत का, एवढं एक विचारलं असतंत. तुम्ही काय विचारलंत, तर हा ल सगळीकडे लावतात का हो बाबा, की शेवटी आला तरच? आणि बाबांनी विचार करून उत्तर दिलं. शेवटी आला तल जास्त, म्हणाले. मी पडद्याच्या अलीकडे होते, हातातली कॉलर जळली माझ्या.

आणि बरं, तुमच्यापाशीच राहिलं असतं तर एक वेळ चाललं असतं. पण तुम्ही मोठे, तुमचं बघून सगळे शिकणार. आता कुठलीही मालिका लावा, वरच्या मुलखातला पहारेकरी आला, ड्रायव्हर आला, मोलकरीण आली, की लागली डाव्या गालातून बोलायला. ती जाहिरात बघितलीत का, गुडघ्याच्या तेलाची? धडधाकट पोरगी, डोंगर चढतेय, आणि बोलतेय झटका आल्यासारखी. परवा एका गिऱ्हाइकानं मला करून दाखवली ती बोली, हसत हसत, इथे उभं राहून, ओठ वाकडा करून — ते वलचे लोक असेच बोलतात ना हो? एका माणसाला झटका आला आणि तुम्ही तो आख्ख्या मुलखाला वाटलात.

मग तेव्हाच का नाही सांगितलं — हेच विचारणार ना? विचारा की, तोंडावर आलंय ते. का सांगू? तुमच्यासाठी गप्प नव्हते बसले मी. झटक्यानंतर बाबांनी बोलणं टाकलं होतं. पूर्ण. एकदा पेल्यात पाणी मागायला गेले, शब्द भलताच निघाला, समोरच्या बाईला हसू आलं — वाईट नव्हती ती, आलं हसू — आणि त्या दिवसापासून यांनी तोंड मिटलं. बोटानं दाखवायचे. पाणी, बोट. पंखा, बोट. व्यायाम शिकवायला बाई यायच्या, म्हणायच्या, आजोबा म्हणा आ, म्हणा ई — आजोबा भिंतीकडे तोंड करायचे. जेमतेम माझ्याशी, तेही कुणी नसलं तर. आणि मग तुम्ही आलात, एवढे मोठे नट, आणि म्हणालात, बाबा, तुम्ही बोला, मला तुमच्यासारखं बोलायचंय. त्यांच्यासारखं! काय वाटलं असेल त्या माणसाला? सकाळपासून माझ्या मागे, तो निळा शर्ट काढ, त्याला इस्त्ली कल. दाढी करून बसायचे. व्यायामाच्या बाईंना सांगायचे, मी शिकवणी घेतो. नट शिकतो माझ्याकडं. जे डॉक्टरला जमलं नाही ते तुमच्या आंधळेपणानं झालं, बोलायला लागला तो माणूस, बडबड बडबड — आणि त्यात मी येऊन सांगायचं की साहेब, हे तुम्ही शिकताय ती बोली नाही, आजार आहे? त्यांच्या समोर? जीभ झडली असती माझी. बसले गप्प.

तर आता काय हवंय? — मी? मी बोलून दाखवू? खरी, झटक्याआधीची? अहो मला येत नाही. हसताय काय, खरंच येत नाही. मी शाळेत होते तेव्हा आम्ही इथे उतरलो, आणि पहिल्याच दिवशी बाईंनी उभं केलं, नाव सांग म्हणाल्या, मी सांगितलं, आणि सगळा वर्ग फुटला. नुसतं नाव सांगितलं होतं हो. त्या वर्षात मी जिभेवरचं सगळं खरवडून काढलं. रात्री पांघरुणात तोंड घालून इथल्यासारखं बोलायची. तुम्ही दोन अंक बोलता आणि तोंड पुसून घरी जाता, मी तेव्हापासून बोलतेय, गिऱ्हाइकाशी, नवऱ्याशी, पोरांशी, झोपेतसुद्धा. सासूबाई शेजारणीला ठणकावून सांगायच्या, आमची सून इथलीच. तुम्ही तरी ओळखलंत? एवढा कान तुमचा, आणि माझ्यासमोर उभं राहून विचारलंत, ताई, तुम्ही इथल्याच ना, मग बाबा तिकडचे कसे? तेव्हा कुणाला द्यायचं होतं बक्षीस?

आणि बाबा आधी कसे बोलायचे — ते मला — थांबा, हा शर्ट नीळ पिऊन बसलाय. हं. शब्द सगळे आठवतात. काय म्हणायचे ते सांगते हवं तर. पण आवाज नाही येत. कानात आणायला गेलं की तोच येतो, नंतरचा. आधीचा ऐकून घेतला कधी मी? ते दुकानात आले की मीच म्हणायचे, बाबा, हळू, गिऱ्हाईक आहे. त्यामुळे तुम्ही चुकीच्या दारात आलात. माझ्याकडे आहे ते तुमच्याकडे आहे तेवढंच, आणि तुमच्याकडे जास्त चांगलं आहे.

म्हणजे काय म्हणजे? काही नाही. चांगलं करता म्हटलं, त्यात काय एवढं. — मी नाही बघितलं फारसं. एकदा. चुलतभावाबरोबर दुसऱ्यांदा. मी काय रोज उठून नाटकाला — असं, दरवाज्यावरच्या माणसानं सांगितलं? चोंबडा मेला. हो, येते! मागच्या रांगेत बसते, खांबाच्या आड, कुणाच्या डोळ्यावर येत नाही. काय गुन्हा केला? बाबा गेल्यावर यायला लागले. हो, गेले. आल्या आल्या विचारलंत ना तुम्ही, बाबा कसे आहेत, मी शर्ट उलटा केला आणि तुम्ही लगेच प्राध्यापकांवर गेलात, तेव्हा सांगायचं राहिलं. हिवाळ्यात गेले. दुसरा झटका. त्यांची कुठेही काही ध्वनिफीत नाही, कोण करतंय, फोनमध्ये फोटो आहेत सगळे, फोटोत माणूस गप्पच असतो. आणि तुमच्या दुसऱ्या अंकात तो म्हातारा खाटेवरून मुलीला हाक मारतो. लिहिणाऱ्यानं लिहिलंय पोरी, दिवा बारीक कर. आणि तुम्ही म्हणता — तुम्हाला माहितीय तुम्ही काय म्हणता. पोली. त्या ल वर जरासं घुटमळून. ते तुम्ही कुठून उचललंत ते मला माहीत आहे, ती मला मारलेली हाक होती, ह्या पडद्यामागून, तुम्ही शेजारी बसला होतात. मी दर वेळेला उठून उभी राहते, अंधारात. शेजारचे म्हणतात, बाई, बसा की. मला तुमचा राग येतो तेव्हा, इतका राग येतो म्हणून सांगू, की बाप माझा आणि हाक तुमच्या तोंडात. आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा जाते.

मग? कधीपासून बदलणार म्हणताय? आजपासून? आजचाच प्रयोग? वरचा कुणी मास्तर आणून, शिकूनसुद्धा झालं? मग माझ्याकडे काय शिक्का मारून घ्यायला आलात? — बोला, ऐकू द्या की. ती हाकच बोला.

हं.

पुन्हा.

बरोबर असेल. र वाजतोय खणखणीत. प्राध्यापक खूश होतील, माझा चुलतभाऊ खूश होईल, म्हणेल आता आमच्यातला वाटतोय. मला नाही कळत. कुणीतरी कुणाच्या तरी पोरीला हाक मारतंय, एवढंच कळलं. मी ओ नसती दिली ह्याला. — ऐका. राहू द्या ना तसंच. प्राध्यापकाला काय कळतंय, तिकिटं तो काढणार आहे का? लोकांना सवय झालीय. बरं नाटकात नको, नाटकात करा खरं, तुमचं नाव खराब व्हायला नको. पण ती जुनी एकदा बोला. इथं. दुकानात कुणी नाही. फक्त हाक, पुढचं दिव्याचं नको. इस्त्री ठेवली बघा मी बाजूला. बोला.

मान का हलवताय?

आजारी माणसाची नक्कल होईल म्हणता? इतके दिवस काय केलंत मग? — तेव्हा माहीत नव्हतं. हो. तेव्हा माहीत नव्हतं. आणि आता तोंडातून निघत नाही. आता लाज वाटते. मी सांगितलं म्हणून. मगाशी, इथे, रागाच्या भरात — मी नसतं सांगितलं तर —

नाही, माफी नको मागू. नकोय मला. किती शुद्ध बोलतोस रे तू. नीघ.