आत्याने गोऱ्या साहेबाला झापलं

अरे, माझ्या आत्याने त्या इंग्रज नटाला झापलं, ते सांगितलं का तुम्हाला? अंजूर गावातल्या एका गोडाऊनमध्ये सिनेमाचं शूटिंग होतं. लंडनच्या रंगभूमीवर आयुष्यभर राजे रंगवलेला सत्तरीचा म्हातारा इथे जुलमी कलेक्टर झालेला. आत्याने गावकरी बाई होऊन त्याला शिव्या घालायच्या होत्या आणि मी दुभाष्या.

पण लोकरी कोटात घामाने निथळणारा म्हातारा बघून आत्याचं तोंडच उघडेना. चार शॉट वाया गेले. दिग्दर्शक ओरडला, "मावशी, राग काढा, नाहीतर दुसरी बाई आणतो!"

आत्या तडक पुढे गेली. "मेल्या, या वयात बायको-पोरं टाकून इथं उकाड्यात मराया आलास? घरी कोन न्हाय काय तुला? गप घरी जा आनि पेज पिऊन नीज!"

म्हाताऱ्याने मान खाली घातली. डोळ्यांत खरंखुरं पाणी. दिग्दर्शक उड्या मारायला लागला. "ओके! शब्द काय, डबिंगमध्ये नंतर भरू!"

म्हाताऱ्याने मला बाजूला घेऊन विचारलं, "काय म्हणाली ती?"

मी घाबरत घाबरत सगळं सांगितलं.

"तरीच," तो म्हणाला. "शब्द कळले नाहीत, पण सूर ओळखीचा वाटला. माझी बायको फोनवर रोज असंच बोलते."