वळणावरची सोन्याची जागा

जर्मन म्हाताऱ्यांच्या शिस्तीचं कौतुक माझ्यासमोर तरी करू नका! वाळूत सोन्याचे कण शोधायचा आम्हा नवरा-बायकोला छंद. डार्मश्टाटजवळचे ओढे तीन रविवार पालथे घातले, तेव्हा कुठे एका वळणावर, मोठ्या दगडामागे, चांगली जागा सापडली. वाळू धुवायच्या थाळीत चार कण चमकलेही. तेवढ्यात एक आजोबा ओरडत आले, "फरबोटन! संरक्षित भाग आहे, इथे खणायला मनाई!" आम्ही शरमलो, माफी मागितली, वाळू परत ढकलून निघालो.

पुढच्या रविवारी सहज फिरायला गेलो, तर त्याच दगडामागे हेच आजोबा गुडघाभर पाण्यात थाळी हलवताहेत! माझी बायको मीनल उखडलीच, "इथे मनाई आहे ना?"

"गेनाऊ, अगदी बरोबर," थाळीवरून नजर न हटवता ते म्हणाले, "म्हणून तर इथे गर्दी नसते."