फ्रान्सिसची बंदूक आणि खाडीतले बगळे

बंदुकीवरून आठवलं. आमचा गोराईचा फ्रान्सिस आहे ना, त्याच्याकडे वडिलांची जुनी पंपाची बंदूक आहे. वडील तिने खाडीत बदकं मारायचे. आता शिकारीला बंदी, तरी हा तिला तेल लावून पुसून ठेवतो. निवडणूक आली की पोलिसांकडे जमा करायची, संपली की परत आणायची. यंदा परत आणली तेव्हा मी तिथेच बसलेलो. त्याची बायको मेरी मला म्हणाली, "भावजी, तुम्हीच सांगा ह्यांना. आता कायमची देऊन टाका म्हणावं."

मी फ्रान्सिसला म्हटलं, "देशील रे, पण आधी मला दाखव, ही चालते कशी?"

बंदूक रिकामीच होती. फ्रान्सिस म्हणाला, "ही पुढची लाकडी मूठ मागे ओढली की जुनं काडतूस बाहेर, पुढे ढकलली की नवं आत. बाबांनी नुसतं खटॅक-खटॅक केलं तरी आख्ख्या खाडीतली पाखरं उडायची."

"बघू तरी!"

परसात गेलो. खाली खाडीच्या चिखलात बगळे चरत होते. फ्रान्सिसने जोरात मूठ ओढली. खटॅक-खटॅक! एका बगळ्याने मान वर करून आमच्याकडे बघितलं, नि परत मासा शोधायला लागला.

"अरे, एकपण उडाला नाय!" मी म्हटलं.

"त्यांना ठाऊकच नाय, हा आवाज कसला ते," फ्रान्सिस हळूच म्हणाला.

मेरी दारातून हसली. "बगळासुद्धा घाबरत नाय, ती बंदूक ठेवून करायचंय काय?"

"तेच तर," फ्रान्सिस म्हणाला, "आता कुठं ती घरात ठेवण्यासारखी झाली."