रविवारी सातचा फोन

स्टावांगरच्या औषधांच्या दुकानात नंबराची चिठ्ठी घेऊन बसणं म्हणजे बिनपुण्याचं तप. सिग्रिडच्या हातात एकसष्ट होता. साठ नंबरवाले दोघे भाऊ शेजारच्याच बाकावर बसले होते. आईच्या गोळ्या न्यायला आलेले, दोघांचेही केस पिकलेले. त्यांचं बोलणं तिला ऐकू येत होतं.

"दादा, मोडेम लागला!"

"त्या पंचवीस वर्षांपूर्वीच्या व्हिडिओ गेमच्या डबड्याचा? आईकडची फोनची लाइन तर कधीच बंद पडली."

"म्हणून तर भिंतीपाशी एक छोटा कॉम्प्युटर बसवलाय. तो टेलिफोन एक्सचेंजचं सोंग घेतो आणि मोडेम बिचारा फसतो. अगदी तेव्हासारखा किंचाळला बघ, आणि मी थेट इंटरनेटवरच्या शर्यतीत!"

"जिंकलास?"

"शेवटच्या वळणावर आईने त्याच तारेवरच्या जुन्या फोनचा रिसीव्हर उचलला."

"आणि लाइन तुटली! तेव्हाही हेच करायची. ओरडला असशील."

"ओरडणारच होतो. तर म्हणते, 'एवीन, फोन मोकळा कर बघू. रविवार आहे, सात वाजत आले. तेलविहिरीवरून बाबांचा फोन येईल.'"

"बाबांना जाऊन नऊ वर्षं झाली, हे सांगितलंस?"

"नाही. मोडेमची तार काढली. आठ वाजेपर्यंत ती फोनपाशी बसून होती."

काउंटरवर साठ नंबर दोनदा पुकारला गेला. कुणी उठलं नाही.

"एवीन, तुझ्या त्या कॉम्प्युटरला फोनची घंटा वाजवता येईल का रे?"

"शिकवावं लागेल. का?"

"माझा आवाज बाबांसारखा आहे म्हणतात. आणि रविवारी सातला मी मोकळाच असतो."