काचेतलं पुस्तक

सगळ्यात आधी आला तो फोटोवाला. त्याच्यामागून क्लासच्या ऑफिसातल्या बाई, हातात क्लासचं नाव छापलेलं जाकीट. आणि शेवटी खुद्द सर, तीन जिने चढून धापा टाकत. वर्षभरात आमच्या दाराची बेल कधी वाजवली नव्हती हो या लोकांनी! निकाल लागला मंगळवारी आणि बुधवारी सकाळी नऊला तिघंही हजर. नात अजून दात घासत होती. तिला तसंच जाकीट चढवलं आणि...

थांबा, नात डोळे वटारतेय. आधी संबोधन करायचं असतं. तर सन्माननीय अध्यक्ष महोदय, क्लासचे संचालक आदरणीय सर, व्यासपीठावरची सगळी मोठी माणसं, समोरचे पालक, आणि खुर्च्या पुरल्या नाहीत म्हणून भिंतीला टेकून उभी असलेली मागच्या बॅचची पोरं, सगळ्यांना माझा नमस्कार.

मी काय बोलायचं त्याची चिठ्ठी सरांनी दिली आहे. मी जेमतेम चौथी शिकलेली, पण एवढं वाचता येतं मला. येतं, म्हणूनच घडी घालून पिशवीत ठेवली.

आनंद झालाय, तो का लपवू? पदवीनंतरच्या प्रवेश परीक्षेत गणिताच्या भागात पोरीचा एकच प्रश्न चुकला. येत्या शनिवारी ती शिकायला लांब चालली. मी दूधवाल्याला सांगितलं, पोस्टमनला सांगितलं, चुकून आमच्याकडे फोन लागलेल्या एका माणसालाही सांगितलं. त्यानं अभिनंदन केलं बिचाऱ्यानं.

पण सर, पहिल्या चाचणीत हिचे निम्मे प्रश्न चुकले तेव्हा तुम्ही काय म्हणाला होतात? "गणित तुझा प्रांत नाही, उगाच जागा अडवू नकोस." आणि पाठवलंत मागच्या खोलीत, मागच्या बॅचला. त्या बॅचला शिक्षक नव्हते, पडदा होता. पडद्यावर तुम्ही बोलायचा, पोरं ऐकायची. अडलं तर विचारायचं कोणाला, पडद्याला?

या परीक्षेत एक गंमत असते. दोन संख्या देतात आणि विचारतात, पहिली मोठी, दुसरी मोठी, की दोन्ही सारख्या? चौथं उत्तर असतं, 'दिलेल्या माहितीवरून सांगता येत नाही.' मला ते चौथं फार आवडलं. एका चाचणीवरून पोरीचा निकाल लावताना तुम्हाला ते का नाही हो सुचलं?

तर हिनं रस्त्यावरच्या जुन्या पुस्तकवाल्याकडून सरावाचं पुस्तक आणलं. आधीच्या मालकानं सगळी उत्तरं पेन्सिलनं लिहून ठेवलेली. ही म्हणाली, "आजी, उत्तर दिसलं की डोळे तिकडेच पळतात गं." म्हटलं, आण इकडे. दुपारभर मी रिकामीच. ती कॉलेजातून येईपर्यंत दहा-बारा पानं खोडून ठेवायची. गणित कळायची गरजच नव्हती, पेन्सिल दिसली की पुसायची.

एक दिवस खुणेचा कागद गळून पडला आणि मी चुकून तिची सोडवून झालेली मागची पानं खोडत बसले. तिनं स्वतः सोडवलेली दोनशे गणितं दोन दिवसांत साफ! मला काय, पेन्सिल ती पेन्सिल.

"आजी! अगं, महिन्याचं काम होतं ते!" दार आपटलं, जेवली नाही. दुसऱ्या दिवशी रागारागानं तीच गणितं पुन्हा करायला बसली. आधी बरोबर आलेली चाळीस आता चुकली. बाहेर आली ती चेहरा पाडून. "मला येत नव्हतंच गं. वर नमुन्याचं गणित सोडवून दाखवलेलं असतं ना, आधी ते बघून नुसतं उतरवत होते. या वेळी ते झाकून केलं." मग स्वतःच खोडरबर माझ्या हातात दिला. म्हणाली, "शेवटपर्यंत पूस." तीनदा तिनं पुस्तक भरलं, मधे दोनदा मी पुन्हा कोरं केलं. काही पानं इतकी झिजलीत की मागचा आकडा पुढून दिसतो.

निकालानंतरच्या त्या बुधवारी सर तेच पुस्तक घेऊन गेले. "फोटो काढून घेतो, आजी. पुढच्या बुधवारी आणून देतो." दोन बुधवार गेले. आज ते तिथं काचेच्या कपाटात आहे, आणि खाली पाटी, 'आमच्या पद्धतीचं फळ'. कोणाची पद्धत? ते पुस्तक तुम्ही आधी कधी उघडून तरी पाहिलंत?

पाटी राहू द्या, मला पाटीशी भांडायचं नाही. आमच्या खालच्या मजल्यावर शिंपीदादा राहतात, त्यांची मुलगी मागच्या बॅचला आहे. ती बघा, दाराजवळ उभी. पुस्तक तिला द्यायचं कबूल केलंय आम्ही. दुकानात ते आता येत नाही, मोबाइलवर येतं म्हणे. तिच्या घरी मोबाइल एकच, त्यावर दिवसभर गिऱ्हाइकं. येत्या बुधवारपासून तिच्या परीक्षेला पाच आठवडे. एक आठवडा माझा, खोडायचा. चार तिचे, सोडवायचे. एवढं गणित मला येतं सर. यात एक दिवस वर उरत नाही.

हसू नका, घड्याळही बघू नका. कपाटाची किल्ली कोणाकडे आहे? काय सर? माइकवर म्हणा, दारापर्यंत ऐकू जात नाही.

"कपाट भाड्यानं आणलंय, किल्ली कपाटवाल्याकडे. बुधवारी नक्की, आजी." ऐकलंत ना सगळ्यांनी? अध्यक्ष महोदय, तुम्हीही?

मला बोलू दिलंत, आभार मानते. सवय नाही, शब्द कमीजास्त झाला असेल तर पोटात घाला. नाही घातलात तरी चालेल, पुस्तक तेवढं आणा. नवा खोडरबर घेऊन ठेवलाय. बुधवारी सकाळी नऊपासून मी दार उघडं ठेवून बसते.